हिरव्या काठाची लाल झेंडी

फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. पुण्यात दुपारी बारा वाजता मला फोन करणारी एकच व्यक्ती आहे, झाशीची सुखरानी. कामाच्या वेळी फोन करू नये हे तिला कधी पटलेलं नाही. "दिद्दी, रोइयो नईं," ती म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली. मग म्हणाली, "अक्का जी चली गईं. आराम सें गईं. चाय पीके गईं." मोहरी जळून कोळसा झाली. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं, पण त्या चहाचं समाधानही वाटलं. अक्कांना चहा अर्धा टाकून उठणं कधी जमलं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. लग्न होऊन मी भुसावळहून झाशीच्या रेल्वे कॉलनीत आले, तेव्हा आमच्या क्वार्टरला लागूनच त्यांचं क्वार्टर होतं. इंजिनं अजून कोळशावर चालायची. दोरीवर वाळत टाकलेलं पांढरं पातळ संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, मालगाडीवर गार्ड होते. दोघंही झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यांतले, ज्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर आले आणि मग परत जायचं विसरले. त्यांच्या मराठीत कपाटाला फडताळ होतं, डावाला ओगराळं होतं, आणि बाकीची जागा हिंदीने बळकावलेली होती. "बिलकुल फिकर करू नकोस," असं त्या मला दिवसातून चारदा सांगत. आम्हा बदलीवर आलेल्या मराठी मंडळींची त्या यथेच्छ टर उडवत. "तुम्ही डब्यात बसून आलात गं, आम्ही घोड्यावर बसून आलो!" अक्कांना सायकलवरही बसता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या भेटीत त्या वाटीभर साखर घेऊन आल्या. वाटी माझ्या हातात दिली, आणि माझ्या ब्लाउजची बाही चिमटीत धरून सरळ उलटी केली. मी अवाक्. नवी नवरी मी! "उलटी बाजू साफ आहे," त्या म्हणाल्या. "कुठे शिकलीस?" मी शिवणाचा डिप्लोमा केलाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांच्यासाठीच भुसावळहून पार्सलने पाठवली गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी त्यांच्या वर्गात होते. सासूबाईंना विचारायचं राहून गेलं. ते अक्कांनी परस्पर विचारून टाकलं होतं.

वर्ग म्हणजे कॉलनीच्या टोकाला पार्सलची एक जुनी खोली, पायाने चालवायची चार मशीनं आणि बाहेर एक कडुनिंब. त्या कडुनिंबाखाली दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक रांग लागायची. रेल्वेत रोजंदारीवर काम करता करता ज्यांचे नवरे गेले, त्या बायकांची. नवरा कायम नोकरीत असता तर बायकोला काही ना काही काम मिळालं असतं, पण रोजंदारीवाल्याच्या मागे काहीच नसे. म्हणून साहेबांच्या बायकांच्या मंडळाने त्यांना महिन्याला गहू आणि डाळ द्यायची प्रथा पाडली होती. बायका पदर हनुवटीपर्यंत ओढून उभ्या राहत. नाव पुकारलं की पुढे यायचं, अंगठा उठवायचा, पिशवी घ्यायची. मंडळाच्या बायकांचं मन चांगलं होतं, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण अक्कांना ती रांग बघवत नसे. "धान्य वाईट नाही गं," त्या म्हणायच्या, "पण दर महिन्याला तोच अंगठा... त्या बोटाला दुसरं काही शिकवायला नको का?"

म्हणून हा वर्ग. रांगेतल्या ज्या बायकांना यायचं असेल त्यांनी यायचं, सकाळी शिवण शिकायचं आणि शेवटचा अर्धा तास पाटी. पाटीवर आधी ग-म-भ-न नाही, स्वतःचं नाव. कारण अक्कांनी एक नियम केला होता. ज्या बाईला कमाईचं काम लागेल, तिने रांगेच्या यादीत आपलं नाव शोधायचं आणि स्वतःच्या हाताने खोडायचं. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी खोडलेलं चालणार नाही, अक्कांनी खोडलेलं चालणार नाही. "आपलं नाव आपणच खोडायचं. दुसऱ्याने खोडलं की ते हाकलणं होतं."

नियम छान होता, पण वर्ष होऊन गेलं तरी एकही नाव खोडलं गेलं नव्हतं! बायका झबली शिवत, उशांचे अभ्रे शिवत, मंडळाच्या जत्रेत ते कौतुकाने विकत घेतले जात, आणि पुढच्या शनिवारी रांग तेवढीच. सेक्रेटरीबाई गोड आवाजात विचारायच्या, "वर्ग कसा चाललाय?" अक्का त्याहून गोड आवाजात सांगायच्या, "चाललाय." घरी येऊन मग भांडी आपटायच्या. स्वयंपाक त्यांना असाही येत नसे. राग आला की नानांच्या ताटात काय पडेल याचा नेम नसायचा.

सुखरानी याच वर्गात होती. मऊरानीपूरकडची, तिशीच्या आतली, दोन मुलींची आई. तिचा नवरा रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत रोजंदारीवर होता, तापाने गेला. ती बोलायची कमी, पण तिचा हात... मी डिप्लोमा केलेली बाई, तिच्यासारखी सरळ शिलाई मला आजही येत नाही. रांगेत मात्र ती सगळ्यांत शेवटी उभी राहायची, भिंतीकडे तोंड करून. एकदा तिने मला सांगितलं होतं की थोरली आता सात वर्षांची झाली, तिला कळायला लागलंय. "बा पूछत है, अम्मा, तुम उते काय ठाड़ी होतीं?" तू तिथे कशाला उभी राहतेस, असं मुलगी विचारते.  

अशात अक्कांनी एक दिवस झेंड्यांचं काम आणलं. गार्ड आणि टोळीवाले वापरतात त्या लाल-हिरव्या झेंड्या. रेल्वेच्या भांडारातल्या साहेबांकडे त्या किती दिवस खेटे घालत होत्या देव जाणे. शेवटी साहेबांनी कापड दिलं आणि सांगितलं, वीस लाल, वीस हिरव्या नमुन्यादाखल शिवून सोमवारी आणा. पसंत पडल्या तर काम कायमचं. कायमचं! त्या दिवशी अक्कांनी शिरा केला. चक्क बरा झाला होता. त्यांनी वर्गात सगळ्यांना बसवून सांगितलं की हे काम मिळालं तर पहिलं नाव सुखरानी खोडणार. सुखरानीने पदर आणखी खाली ओढला, पण पाटीवर ती त्या दिवशी आपलं नाव सात वेळा लिहीत बसली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात अक्कांना आणि नानांना बबीन्याला भाचीच्या बारशाला जावं लागलं. "शैला, तू आहेस ना," म्हणाल्या. होते ना मी! कापलं सगळं मीच, अक्कांच्या पद्धतीने, चारी बाजूंना दोन बोटं जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडून. शिकाऊ हातांसाठी कापताना त्या नेहमी तेवढी माया सोडायच्या, मग सेक्रेटरीबाई नासाडी म्हणोत की काय म्हणोत. पण ते कापड भरड होतं, कडेचे धागे भसाभस सुटायला लागले. दोन झेंड्यांच्या कडा दुपारपर्यंत झिपऱ्या झाल्या. बायका हवालदिल. मग सुखरानीने उरलेल्या हिरव्या कापडाची पट्टी फाडली आणि लाल झेंडीला चारी बाजूंनी काठ लावला, गोधडीला लावतात तसा. धागे सुटायचे थांबले. आणि दिसायला काय देखणी! लाल अंगाला हिरवा काठ, हिरव्या अंगाला लाल काठ. टाका न् टाका मोत्यासारखा. "वा सुखरानी!" मी म्हटलं. मी, रेल्वेच्या बापाची मुलगी, रेल्वेच्या माणसाची बायको, जन्मभर फलाटाशेजारी राहिलेली. सगळ्याजणींनी मिळून दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस झेंड्यांना काठ लावले. आम्ही त्या गठ्ठ्याकडे बघून इतक्या खूश होतो की मी घरून सगळ्यांसाठी चहा करून आणला.

शनिवारी संध्याकाळी अक्का आणि नाना आले ते बसवरून थेट वर्गातच. आम्ही झेंड्या हारीने मांडून ठेवल्या होत्या. अक्कांनी एक उचलली, सवयीने उलटी केली, आणि नानांकडे पाहिलं.  नानांनी एक लाल झेंडी घेतली, बाहेर कडुनिंबापलीकडे कुंपणापर्यंत चालत गेले, आणि गार्ड धरतात तशी गुंडाळून हातात धरली. "बताओ," तिथून ओरडले, "कौन सी है?" अर्ध्या बायका म्हणाल्या लाल. अर्ध्या म्हणाल्या हिरवी. गुंडाळलेल्या झेंडीचा फक्त काठच वर दिसत होता. मी हिरवीच म्हटलं असतं.

नाना परत आले. फार मऊ माणूस. "ड्राइवर को भी इत्तोई दिखहै, बाई," एवढंच म्हणाले.

 सुखरानी पुढे आली आणि ती झेंडी तिने नानांच्या हातून घेतली. "जेई झंडी उनके आगूं गड़त हती," ती म्हणाली. टोळी रुळावर काम करत असली की अलीकडे लाल झेंडी रोवतात, गाडी थांबावी म्हणून. तिचा नवरा रोज याच झेंडीच्या भरवशावर वाकून काम करत होता. मग ती अक्कांच्या पायाशी बसली. "मास्टरनी जी, किलास सें हमाओ नाँव न काटियो."

मी तेव्हा मध्ये पडले, एवढं तरी मी केलं. म्हटलं, अक्का, तिचा दोष नाही, मी बघितलं आणि मी वा म्हटलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. तो त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, प्रवासाने थकलेला, कपाळावर कुंकू पसरलेलं. "उलटी बाजू बघितलीस का?" म्हटलं, बघितली, साफ आहे. "मग शिलाई चांगली आहे. चूक अकलेची आहे, हाताची नाही. अकलेची चूक एका दिवसात सुधारते. हाताची असती तर वर्ष गेलं असतं." मग सुखरानीला उठवत म्हणाल्या, "नाम तो कटेगा, सुखरानी. पर इस किलास से नहीं, उस लिस्ट से. और काटोगी तुम."

रविवारी सकाळी उजाडल्यापासून आम्ही उसवायला बसलो. टाका इतका पक्का की ब्लेडने एकेक दोरा कापावा लागे; आदल्या दिवशी ज्या शिलाईचं कौतुक केलं तिलाच आम्ही शिव्या घालत होतो. काठ निघाले, पण कडेने सुईची भोकं दिसायला लागली. माझं अवसान गळालं. अक्कांनी मात्र कापड मोजलं आणि हसल्या. काठ लावताना आम्ही कड दुमडलीच नव्हती, त्यामुळे चारी बाजूंची दोन बोटं माया तशीच शिल्लक होती. ती दोनदा आत दुमडली की भोकंही आत जात होती, धागे सुटायचे थांबत होते आणि माप साहेबांनी सांगितलं होतं तेवढंच येत होतं. "नासाडी, नासाडी म्हणत होत्या ना त्या सेक्रेटरीबाई," अक्का पुटपुटल्या. दुपारी नानांनी सगळ्यांना पुऱ्या तळून घातल्या. अक्कांना कढईजवळ कोणी जाऊ दिलं नाही.

सोमवारी अक्का, सुखरानी आणि मी, आम्ही तिघी भांडारात गेलो. साहेबांनी झेंड्या ताणून पाहिल्या, पट्टी लावली, एक पाण्याच्या बादलीत बुडवून रंग जातो का बघितला. मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच अक्कांनी पिशवीतून एक हिरव्या काठाची लाल झेंडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. एक त्यांनी मुद्दाम उसवू दिली नव्हती, तिच्या जागी उरलेल्या कापडातून नवी शिवून घेतली होती. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. "ये भी देख लीजिए, साहब," अक्का म्हणाल्या. "ये गलती हमसे हो चुकी है. अब नहीं होगी."

साहेबांचा चेहरा बदलला. "किसने बनाई?"

"हमने," सुखरानी म्हणाली. पदर तिने दोन बोटं वर केला होता.

"मालूम है, इसमें क्या गलत है?"

सुखरानीने झेंडी उचलली, नानांनी धरली होती तशी गुंडाळून समोर धरली, आणि विचारलं, "आपई बताओ साहब, कौन सी है?"

साहेबांनी झेंडी हातात घेऊन काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले की इतकी वर्षं झेंड्या घेतोय, पण शिवणाऱ्याला झेंडी कशासाठी असते हे माहीत असलेलं पहिल्यांदा पाहिलं. काम मिळालं. ती चुकलेली झेंडी त्यांनी परत दिली. अक्कांनी ती पहिल्या मशीनवर झाकण म्हणून घातली. नवी बाई वर्गात आली की आधी त्या झाकणाची गोष्ट ऐकायची, मग सुईत दोरा ओवायचा.

पुढच्या पहिल्या शनिवारी कडुनिंबाखाली यादी आली. सुखरानीने बोट फिरवत, ओठ हलवत आपलं नाव शोधलं. आधी सुखदेईच्या नावापाशी अडखळली, सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "ओ नईं!" मग सापडलं. तिने पेन इतकं दाबून ओढलं की कागद फाटला. सेक्रेटरीबाई "अगं अगं" करत राहिल्या. त्यानंतर सुखरानीला कळेना की आता कुठे उभं राहायचं. रांगेतून ती बाहेर आली, क्षणभर मोकळ्या अंगणात नुसती थांबली... मग आत जाऊन मशीनवर बसली. त्या दिवशी तिची थोरली मुलगी दाराशी बसून ते सगळं बघत होती. अक्कांनीच तिला मुद्दाम आणायला लावलं होतं.

सगळ्यांचंच असं झालं असं मी म्हणणार नाही. एक बाई दोनदा नाव खोडून दोनदा परत आली. अक्कांनी दोन्ही वेळा तिचं नाव पुन्हा लिहिलं आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. पण यादी आखूड होत गेली एवढं खरं. आमची बदली झाली तेव्हा कडुनिंबाच्या सावलीत ती सगळी रांग मावत होती.

पुढे कोळशाची इंजिनं गेली, नाना गेले. अक्का सिव्हिल लाइन्सच्या मागे दोन खोल्यांत राहायला आल्या. वर्गाने नवी मशीनं घेतली तेव्हा जुनं पहिलं मशीन त्यांनी त्या झाकणासकट स्वतःकडे आणलं. वर्ग सुखरानी चालवू लागली. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले, ती शेवटची भेट. डोळ्यांना जवळपास दिसत नव्हतं. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझ्या साडीची कड चिमटीत धरून उलटी केली. "फॉल हाताने लावलास. टाके मोठे झालेत, शैला. म्हातारी झालीस." मी खूप हसले. मग भिंतीवरचा कागद दिसला. वर जाड अक्षरात 'अक्का जी', आणि खाली वार आणि नावं. सोमवार सुखरानी, मंगळवार तिची थोरली, बुधवार आणखी कोणी. रोज डबा कोणी आणायचा त्याची यादी. म्हणाल्या, "बघितलंस? आता मी यादीवर आहे. फुकट खाते. मला काही तरी शिकव गं, म्हणजे माझंही नाव कटेल." मी म्हटलं, अक्का, स्वयंपाक शिकवू का? त्यावर इतक्या हसल्या की ठसका लागला.

आता त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी झाशीला जाऊन आले. त्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या, सुखरानीने मला बोलावून घेतलं होतं. मशीनवर ती झेंडी होती, लाल रंग विटून गुलाबी झालेला, काठ मात्र अजून हिरवा. भांडी निघाली, फडताळ रिकामं झालं. शेवटी तो भिंतीवरचा कागद उरला. मी तो काढायला हात लावला तशी सुखरानी म्हणाली, "रहन दो, दिद्दी." मग पेन घेऊन तिने सोमवारपुढचं आपलं नाव खोडलं. थोरलीने मंगळवारचं खोडलं. बाकीच्या एकेक जणी येऊन आपापलं नाव खोडून गेल्या. डबा आता कुणाला न्यायचा नव्हता. सगळा कागद रेघारेघांनी भरला. वरचं नाव तेवढं राहिलं. एका नव्या मुलीने विचारलं, हे पण खोडू का? सुखरानीने तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

"ओ उनईं खों काटनें," ती म्हणाली. ते त्यांनीच खोडायचंय.

तो कागद आता वर्गात आहे, परत तिथे नेलेल्या पहिल्या मशीनच्या वर, झेंडीशेजारी.